हर्षूचं पुढचं चाक

सिडकोतल्या आमच्या गल्लीत कुणाच्या कुकरची शिट्टी बिघडली, की बाई दुकान शोधत बसायची नाही. कुकर उचलायची आणि गोटीराम आहेराच्या ओट्यावर ठेवून यायची. "नाना, बघा बरं याला काय रोग झालाय." संध्याकाळी कुकर आपल्या पायांनी परत आल्यासारखा दारात हजर. वर झाकणाची कड घासून गुळगुळीत केलेली. ती कुणी सांगितलेली नसायची.

गोटीराम मूळचा देवळ्याकडचा. मिसरूड फुटायच्या वयात नाशकात आला, सातपूरच्या एका कारखान्यात फिटर म्हणून लागला आणि तिथूनच म्हातारा होऊन बाहेर पडला. रिटायर झाल्यावर ओट्यावर एक जाड फळी ठोकली, फळीवर लोखंड आवळून धरायचा वाइस बसवला, भिंतीला कानशी टांगल्या. झाला संसार.

त्याचा एक धर्म होता: बर काढणे. लोखंड कापलं किंवा त्याला भोक पाडलं, की कडेला एक बारीक धारदार कूस उरते. कारखान्यात तिला बर म्हणतात. ती काढल्याशिवाय माल पुढे जात नाही. गोटीराम म्हणायचा, "बर ठिवून माल देणं म्हंजी पोराचा शेंबूड न पुसता त्याला शाळंत धाडणं." नवी पातेली, खिडकीचे गज, देवळाच्या पायरीचा कठडा, जे दिसेल त्यावरून त्याचा अंगठा फिरायचा. खरखर लागली की कानस आलीच. बायको शकुबाई लग्नाची गोष्ट सांगायची, "मला बघाया आले तवा ह्या माणसानं आधी पोह्याची बशी चाचपली. माझ्या तोंडाकडं मंग पाह्यलं." गोटीराम पानाचा तोबरा सांभाळत म्हणायचा, "बशीला बर व्हती. तुला नव्हती." यावर शकुबाई दरवेळी लाजायची, दरवेळी शिव्या द्यायची.

लग्नानंतर लई उशिरानं एकच पोर झाली. हर्षाली. घरात हर्षू.

हर्षू शाळेपासून सायकलवेडी. पुढे एका खासगी शाळेत खेळाची बाई झाली आणि साठवलेल्या पगारातून तिनं खरी शर्यतीची सायकल घेतली. डिस्क ब्रेकवाली. चाकाच्या मधोमध ताटलीएवढी पोलादी तबकडी, ब्रेक तिलाच धरणार. गोटीरामानं ती सायकल पहिल्यांदा पाहिली तेव्हा गायीभोवती फिरावं तसा तिच्याभोवती फिरला. "बिरेक खाली नेला व्हय? बरं केलं. चिखल लागायचा नाय."

पण आमची सिडकोची घरं ती. दारातून आत शिरलं की एक अंधारा बोळ, बोळात चपला, पाण्याचं पिंप, गॅसची टाकी. सायकल बाहेर ठेवली तर सकाळपर्यंत राहील याची खात्री नाही, आणि आत घेतली तर बोळातून माणूस जाणार कुठून? म्हणून पुढचं चाक रोज काढायचं, सायकल भिंतीला उभी टेकवायची, चाक खाटेखाली सरकवायचं. सकाळी पुन्हा लावायचं. हे काम गोटीरामानं आपण होऊन अंगावर घेतलं. जुन्या सायकलीसारखं पान्यानं नट आवळायचं काम नव्हतं. आसाच्या एका टोकाला खटका, दुसऱ्या टोकाला बारकी चाकी. खटका उघडला की चाक ढिलं, दाबून मिटला की घट्ट. रोज पहाटे हर्षू उंबऱ्यावर बसून बुटाच्या नाड्या बांधायची आणि बाप ओट्यावर चाक बसवायचा.

"बसलं का नाना?"

"बसलं."

पोर वळूनही बघायची नाही. टांग टाकली की गेली.

गोटीरामाला एकच गोष्ट खटकायची. चिमट्याच्या, म्हणजे चाक ज्या दोन पायांत बसतं त्यांच्या, खालच्या टोकाला खाचेभोवती एक उंच काठ होता. खटका उघडला तरी चाक त्या काठाला अडायचं. मग पलीकडची चाकी फिरवून फिरवून आणखी सैल करायची, तेव्हा कुठे चाक बाहेर. रोजची कटकट. त्यात त्या काठावरून त्याचा अंगठा फिरला आणि अंगठ्यानं निकाल दिला.

"बर ठिवलीय रे कंपनीनं. एवढी महागाची वस्तू आन् काम पाहा. अंगचोर लेकाचे."

एका रविवारी दुपारी पोर झोपली असताना त्यानं चिमटा फडक्यात गुंडाळून वाइसमध्ये धरला. आधी मोठी कानस, मग बारीक, मग पॉलिश पेपर. दोन्ही काठ साफ. चाकीच्या दात्यांनी चिमट्यावर चरे पाडले होते, तेही घासून आरसा केले. वर काळा रंग दिला, आणि गंजू नये म्हणून तेलाचं बोट. असं काम की कंपनीच्या माणसालाही जोड सापडू नये.

दुसऱ्या दिवशी सकाळी फेरी मारून आल्यावर हर्षूनं खटका उघडला आणि चाक हातात आलं. "अय्या! नाना, नुसतं धरलं तर निघालं की!" तिनं बापाच्या टकलावर टपली मारली. "तुम्ही ना, त्या कंपनीत पाहिजे होते."

"त्यांना परवडलो नसतो मी," गोटीराम म्हणाला आणि दिवसभर गल्लीत तेच सांगत फिरला.

गंगापूर रोड, त्र्यंबक रोड, सपाटीचे रस्ते. पावसाळा गेला, दिवाळी गेली, काही झालं नाही. मग गावाकडे गोटीरामाच्या चुलतभावानं, काळूनं, नवं घर बांधलं. वास्तुशांतीचं बोलावणं आलं. हर्षू म्हणाली, "तुम्ही दोघं एस्टीनं जा. मी सायकलवर येते."

गोटीरामाची छाती अशी फुगली की शर्टाचं बटण तुटायचं बाकी राहिलं. दोघं आदल्या दिवशीच निघणार होती. त्यानं जाण्याआधी चाक बसवून ठेवलं आणि पोरीला बजावलं, "आता काढू नको. एक रात बोळात अडचण झाली तं झाली." गावात पोचल्यावर ज्याला-त्याला सांगितलं. दुसऱ्या दिवशी भावडबारीच्या घाटाखाली जाऊन उभा राहिला. हातात शाल-नारळ. बळंच ओढून आणलेला काळू सोबत.

"काय रं गोट्या, पोरीला एस्टीचं तिकीट काढून द्यायला हात आखडला का?"

"तुला नाय कळायचं. नाशकाहून येती ती. पायावर."

"मंग शाल कशाला? बैल जितल्यागत." काळू हसला. "हळद बी आणायची, भंडारा उधळला असता."

"गप ना भो. ह्या वळनातून दिसंल बघ आता."

वरून कांद्याचे ट्रॅक्टर उतरत होते. ऊन कोवळं होतं. दोघं वळणाकडे डोळे लावून उभे.

आधी चाक आलं.

एकटंच. घाटाच्या उतारावरून, रस्त्याच्या कडेनं, ताठ उभं, मधली तबकडी उन्हात चकाकत. ते दोघांच्या समोरून गेलं, मोरीच्या कठड्याला धडकलं आणि आडवं होऊन फिरत राहिलं.

काळू खदखदून हसला. "आरं तिच्या! चाक आधी आलं, पोरगी मागून येती जणू!"

आणि मग त्याचं हसू तोंडातच राहिलं, कारण गोटीराम वर पळत सुटला होता. पळताना तो त्याच्या आईची अहिराणी बोली बोलत होता. शहरात इतकी वर्षं काढून जी जिभेवरून पुसली गेली होती ती. "काय व्हयनं वं माय, काय व्हयनं."

वळणावर एक ट्रॅक्टर शेतातून अचानक रस्त्यावर चढला होता. हर्षूनं ब्रेक दाबला. चाक चिमट्यातून सुटून पुढे निघून गेलं आणि चिमटा डांबरात रुतला. ती तोंडावर पडली होती. ट्रॅक्टरवाला डोक्याला हात लावून रडत होता, "मी धडकलो नाय हो, शपथ घेतो, मी धडकलोच नाय." खरंच तो धडकला नव्हता.

जबडा दोन ठिकाणी मोडला. पुढचे दात गेले. मनगटात धातूची पट्टी बसली. नाशकात आणून ऑपरेशन झालं, जबडा तारेनं बांधून टाकला. आठवडे गेले. पोर नळीनं वरण पीत होती. गल्लीतल्या बाया यायच्या, खाटेजवळ बसायच्या आणि ओट्यावर येऊन कुजबुजायच्या, आता हिचं लग्न कसं व्हायचं. शकुबाईनं एकीला हाताला धरून बाहेर काढलं. "तुझ्या पोराला मागायला आले नाय मी. चल."

गोटीराम मात्र दुसऱ्याच आगीत होता. सायकलीचा चिमटा सोडवून त्यानं पोत्यात बांधला आणि सायकल जिथून घेतली होती त्या दुकानात स्कूटरवरून गेला. दुकान बंटीचं. चाळिशीला टेकलेला, अंगानं आडवा, शांत माणूस. दुकानात गिऱ्हाईकं होती.

"ये बंटी! ही तुझी सायकल!" गोटीरामानं चिमटा काउंटरवर आपटला. "चाक निसटतं व्हय चालत्या सायकलचं? कंपनीला कोर्टात खेचतो. तुला बी. माझ्या पोरीचं तोंड फोडलं तुमी."

बंटी काउंटरमागून पुढे आला. त्यानं चिमटा उचलला, उजेडाला धरला. खालच्या टोकावरून अंगठा फिरवला. मग दुसऱ्या टोकावरून. पुन्हा पहिल्या.

"काका," तो हळू म्हणाला, "इथं काठ होते ना? दोन्हीकडं?"

"व्हते. बर व्हती ती. मी काढली." गोटीराम तावात होता. "तुमी माल असला खरबरीत विकता, आमी नीट करून घेतो."

बंटीनं गिऱ्हाइकांकडे पाहिलं, मग गोटीरामाला हाताला धरून मागच्या बाजूला नेलं आणि स्टुलावर बसवलं. पाण्याची बाटली दिली.

"काका, जुन्या सायकलचा ब्रेक वर असायचा, रिमला धरायचा. हा खाली धरतो, तबकडीला. तबकडी गच्च धरली की चाक त्या ब्रेकभोवतीच वळायला बघतं, आणि आस चिमट्यातून खाली ढकलला जातो. बाहेर. जेवढा जोरात ब्रेक, तेवढा जोरात ढकलतो. खटका नीट आवळलेला असला तर तो धरून ठेवतो. चाकीचे दाते चिमट्यात रुतून बसतात म्हणून धरतो. आणि समजा थोडा ढिला झाला, तर हे काठ अडवतात. चाक पडत नाही. खडखडतं. माणसाला कळतं, थांबतो, उतरून बघतो." त्यानं श्वास घेतला. "त्यासाठीच ठेवलेले असतात काका. बर नव्हती ती."

गोटीराम बाटली हातात धरून बसला होता. झाकणसुद्धा उघडलं नव्हतं.

"आन् मी तेल लावलं," तो म्हणाला. "दाते रुतायचे तिथं. तेल लावलं मी."

"मी कुणाला सांगत नाही," बंटी म्हणाला. "घाट होता, ट्रॅक्टर आडवा आला. कुणी विचारणार बी नाही."

गोटीराम उठला आणि चालू लागला. स्कूटर दुकानासमोरच राहिली. बंटीनं हाक मारली, त्याला ऐकू गेली नाही. घरापर्यंत तो पायी आला.

शकुबाई हर्षूला नळीनं सूप पाजत होती. गोटीराम खाटेच्या पायथ्याशी उभा राहिला. टोपी काढली.

"हर्षू, चाक माझ्यामुळं सुटलं. त्या चिमट्याला काठ असत्यात, चाक धरायला. मी घासून टाकले. ट्रॅक्टरवाल्याची चूक नव्हती. सायकलची बी नव्हती."

शकुबाईच्या हातातली वाटी खाली आली. "हात झडले नाय का तुमचे घासताना?" ती म्हणाली. एवढंच. इतकं लागेल असं जन्मात पहिल्यांदा आणि शेवटचं. मग ती वाटी घेऊन आत गेली आणि आत भांडी उगाच वाजत राहिली.

हर्षूचा जबडा बांधलेला. बोलता येत नव्हतं. तिनं डोळे मिटले. बऱ्याच वेळानं चांगला हात उचलला आणि हवेत जरासा हलवला.

असू दे म्हणाली, की जा म्हणाली, ते गोटीरामाला कळलं नाही. तारा निघाल्या, नवे दात बसले, ती बोलू लागली, तोवर तो विषय मागे पडला होता आणि पुन्हा काढायची त्याची छाती झाली नाही.

हर्षू बापाशी तुटून वागली असती तर गल्लीला काही सांगण्यासारखं तरी मिळालं असतं. तसं काही नव्हतं. ती त्याला चहा करून द्यायची. त्याचे गुडघे दुखले तर तेल चोळायची. "नाना, तुम्ही घोरताना एस्टीचा गिअर बदलतो बघा," म्हणून चिडवायची. एका बाजूनं चावून जेवायची आणि तो बघतोय असं दिसलं की घास पलीकडे नेल्याचं नाटक करायची.

फक्त आपली मोडलेली वस्तू तिनं त्याच्याकडे आणली नाही.

आधी हे त्याच्या ध्यानात आलं नाही. मग बॅगेची चेन तुटली, ती बाहेरून बसवून आणली. चष्म्याचा स्क्रू गेला, ती आठवडाभर दोरा बांधून हिंडली. तिच्या खोलीतल्या पंख्याला घरघर लागली. भिंतीपलीकडून गोटीरामाला सगळी ऐकू यायची. बुशिंग गेलंय, त्याला आवाजावरून कळत होतं. थोडं काम होतं. तो वाट बघत राहिला. एक दिवस घरघर थांबली. ती शाळेत गेल्यावर त्यानं आत जाऊन पाहिलं, तर पंख्याच्या बुडाला पवननगरच्या दुकानाची चिठ्ठी चिकटवलेली.

त्या दिवसापासून त्यानं ओट्यावरचं काम सोडलं. कुणी कुकर आणला तर म्हणायचा, "डोळ्याला दिसत नाय आता." डोळ्याला चांगलं दिसत होतं. त्याचा त्याच्या हातांवरचा भरवसा गेला होता. मिक्सर उघडला तरी वाटायचं, यातलं काहीतरी आपण नको तेवढं नीट करू आणि कुणाची तरी बोटं जातील.

दीड वर्ष झालं असेल. हर्षूनं बंटीकडून सायकलीला नवा चिमटा बसवून आणला. काठ असलेला. पुन्हा सायकल बोळात भिंतीला उभी राहिली, पुन्हा चाक खाटेखाली गेलं. पण आता पहाटे ती चाक स्वतः बसवायची, बोळातच, दिवा लावून. गोटीराम आतल्या खोलीत जागा असायचा. खटका मिटल्याचा आवाज यायचा. मग उघडल्याचा. पुन्हा मिटल्याचा. पुन्हा उघडल्याचा. दार वाजेपर्यंत तो पांघरुणात खटके मोजत पडायचा.

दुपारी तो बंटीच्या दुकानात जाऊ लागला.

"बंटी, मला शिकव."

"काका, तुम्ही फिटर माणूस. तुम्हाला मी काय शिकवू?"

"फिटर व्हतो. आता शिकव."

बंटीनं शिकवलं. सायकल जमिनीवर उभी करून चाक खाचेत तळापर्यंत बसू द्यायचं. खटका तबकडीच्या दुसऱ्या बाजूला ठेवायचा, म्हणजे चुकून तबकडीत अडकणार नाही. दात्यांजवळ तेल नाही, ग्रीस नाही, काही नाही. खटका आसाच्या सरळ रेषेत आला, की तिथं हाताला जोर लागायला लागला पाहिजे. त्याआधी लागला तर जास्त आवळलंय, नंतर लागला तर ढिलं. आणि मिटताना तळहातानं रेटून मिटायचा, इतका की हातावर वळ उठावा. नुसता गोल फिरवून आवळायचा नाही, तो नट नाही. मग पुढची बाजू उचलून चाकावर वरून बुक्की मारायची. ब्रेक दाबून सायकल मागेपुढे हलवायची. पुन्हा खटका बघायचा.

"आणि घाट चढून वर पोचलो, की उतरायच्या आधी परत एकदा बघायचं," बंटी म्हणाला. "ब्रेकनं खटका हळूहळू ढिला होऊ शकतो. म्हणून."

गोटीराम ते शाळकरी पोरासारखं पाठ करत राहिला. बंटीनं त्याला एक भंगारातला चिमटा आणि चाक दिलं. घरी वाइसमध्ये चिमटा धरायचा, चाक बसवायचं, काढायचं. शकुबाई वैतागायची, "अवो, त्या खटक्याला घडीभर दम खाऊ द्या." त्याचा तळहात लाल व्हायचा. तो पुन्हा खटका उघडायचा.

शकुबाईला कळत होतं. एके संध्याकाळी तिनं स्वयंपाकघरात विषय काढला. गोटीराम ओट्यावर होता. मधली खिडकी उघडी आहे हे दोघींच्या ध्यानात नव्हतं.

"हर्षू, एकदा बापाच्या हातात दे ते चाक."

"आई, नको ना."

"अजून राग हाय तुला?"

"राग नाहीये गं." भाकर थापणं थांबलं. "राग असता तर बरं होतं. भांडले असते, रडले असते, मोकळी झाले असते. ते इतकं वाईट वाटून घेतात, त्यांच्यावर काय रागवू? पण नानांनी लावलेल्या चाकावर बसले ना आई, तर उतारावर माझा ब्रेक दाबायला हातच उठणार नाही. बोटं गोठतात. मी ठरवून नाही करत हे."

तव्यावरची भाकर करपल्याचा वास आला.

"मंग नको देऊ," शकुबाई म्हणाली. "जिवाहून जास्त नाय काही. पण तो माणूस आतून वाळत चाललाय, एवढं मला दिसतंय. तू कामाला जातीस. मी दिवसभर बघती."

गोटीराम ओट्यावरून उठला आणि चप्पल न घालता नाक्यापर्यंत जाऊन आला.

पुढच्या रविवारी हर्षू पेठ रोडनं सावळघाटात जाणार होती. पडल्यानंतरचा पहिला घाट. पहाटे गोटीराम नेहमीसारखा आत पडून होता. बोळात दिवा लागला. खटक्याचा आवाज आला नाही. दारातून हाक आली.

"नाना, जागे आहात का? चाक लावता का जरा?"

तो उठला तेव्हा त्याचा पाय पांघरुणात अडकला. ओट्यावर सायकल उभी होती. हर्षू उंबऱ्यावर बसून बुटाच्या नाड्या बांधत होती. खाली बघत. शकुबाई आतल्या दारात, पदर तोंडाशी.

गोटीरामानं हात धोतराला पुसले. मग पुन्हा पुसले. चाक घेतलं, तबकडी ब्रेकच्या फटीत अलगद सरकवली, सायकल जमिनीवर टेकवून चाक तळाला बसू दिलं. खटका सरळ आणला. जोर जिथं लागायला हवा तिथं लागला. तळहातानं रेटून मिटला. पुढची बाजू उचलून बुक्की मारली. ब्रेक दाबून हलवलं. चिमट्याच्या दोन्ही काठांवरून अंगठा फिरवला, शाबूत होते.

"बसलं का नाना?" हर्षूनं विचारलं. तिचा आवाज ओढल्यासारखा होता.

"बसलं."

"बरं." ती हसली, एका बाजूनं. टांग टाकली आणि गेली.

शकुबाई देवापुढे गेली. गोटीराम जिना चढून गच्चीवर गेला. पोर दिसेल तेवढी बघावी म्हणून. रस्ता मोकळा होता. हर्षू सरळ गेली, पाण्याच्या टाकीपाशी वळली, आणि टाकीआड थांबली. गल्लीतून ती दिसली नसती. गच्चीवरून दिसत होती.

ती उतरली. आपल्या घराकडे एकदा बघितलं. खाली बसली. खटका पूर्ण उघडला, चाक खाचेतून सुटं केलं, पुन्हा बसवलं, दोन्ही हातांनी खटका मिटला. पुढची बाजू उचलून बुक्की मारली. थोडा वेळ तशीच बसून राहिली, हँडलला डोकं टेकून. मग उठली आणि निघून गेली.

गोटीराम गच्चीच्या कठड्याला धरून उभा होता. बंटीनं शिकवलं होतं तसंच तिनं सगळं केलं होतं. एक गोष्ट चुकली नव्हती.

दुपारी तिचा फोन आला. शकुबाईनं स्पीकर लावून फोन त्याच्या पुढ्यात धरला. मागे वारं वाजत होतं.

"नाना, घाट उतरले! ब्रेक मारला तर चाक हललं सुद्धा नाही. काय बसवलंय तुम्ही!"

गोटीराम फोनकडे वाकला. "हां? बरं झालं." मग म्हणाला, "काय खाल्लं का?"

"खाते आता."

"खाऊन घे. सावकाश ये."

शकुबाईनं फोन ठेवला आणि डोळे पुसत शेजारच्या गोजराबाईच्या दाराशी गेली. संध्याकाळपर्यंत सगळ्या गल्लीला कळलं, की हर्षूनं आज बापाकडून चाक लावून घेतलं, आन् घाट उतरून आली, आन् फोन करून म्हणाली की नानांनी असं बसवलंय की काय सांगू. भेटेल तो गोटीरामाच्या पाठीवर हात ठेवत होता. तो प्रत्येकाला मान हलवत होता.

आता दर रविवारी ती हाक मारते. तो चाक बसवतो. एकही गोष्ट चुकवत नाही, घाई करत नाही. पोर टांग टाकते, आणि तो ओट्याच्या नळाखाली हात धुवायला बसतो. साबण लावतो, धुतो, पुन्हा लावतो. ती टाकीआडून पुढे निघून गेली असेल एवढा वेळ तो हात धूत राहतो. गच्चीवर जात नाही.